न्यूझीलंडला १२ लाख चौरस सेंटीमीटर मानवी त्वचा का मागवावी लागली? भाजलेल्या माणसाला नवी कातडी कशी मिळते?

९ डिसेंबर २०१९ची दुपार. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखी बघायला गेलेले पर्यटक आणि त्यांचे गाईड मिळून ४७ जण होते. दोन वाजून गेले आणि ज्वालामुखीचा स्फोट झाला. तापलेली वाफ, राख आणि आम्लयुक्त वायूंनी या लोकांना गाठलं. दुर्घटनेत २२ जणांचा जीव गेला. जे वाचले, त्यातले बहुतेक जण गंभीर भाजले होते.

दोन दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी एक आकडा सांगितला आणि तो जगभरच्या बातम्यांमध्ये आला. जखमींसाठी आणखी १२ लाख चौरस सेंटीमीटर मानवी त्वचा लागणार होती आणि त्यासाठी अमेरिकेकडे ऑर्डर दिली होती.

१२ लाख चौरस सेंटीमीटर म्हणजे १२० चौरस मीटर. आपल्या हिशेबात साधारण १,३०० चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत ऐसपैस थ्री बीएचके बसतो!

ही त्वचा होती मृत्यूनंतर दान केलेली. म्हणजे कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या वेळी 'हो' म्हटलं होतं, म्हणून ती फ्रीजमध्ये जपून ठेवलेली होती.

पण मग एक प्रश्न पडतो. लॅबमध्ये त्वचा तयार होते, स्प्रे मारून त्वचा लावतात, माशाची कातडी लावून जखम भरते, असे व्हिडिओ आपण कायम बघतो. एवढं तंत्रज्ञान असताना एका श्रीमंत देशाला मृत दात्यांची त्वचा का मागवावी लागते?

हे समजून घ्यायचं असेल तर आधी त्वचा म्हणजे काय ते बघावं लागेल.

त्वचा गेली म्हणजे नेमकं काय जातं?

त्वचा हा आपल्या शरीराचा सगळ्यात मोठा अवयव. मोठ्या माणसाच्या अंगावरची त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते.

तिचे मुख्य थर दोन. वरचा पातळ थर म्हणजे एपिडर्मिस. हा जंतूंना बाहेर आणि पाण्याला आत ठेवतो. तो सतत झिजतो आणि सतत नव्याने तयार होतो. त्याच्या खालचा जाड थर म्हणजे डर्मिस. कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेला. त्वचेला ताकद आणि लवचिकपणा इथून मिळतो. रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळंही इथेच असतात.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. केसांच्या मुळांभोवती आणि घामाच्या ग्रंथींमध्येही वरच्या थराच्या पेशी दडलेल्या असतात. वरचा थर जळला पण ही मुळं शाबूत राहिली, तर तिथून पेशी वाढतात आणि जखम आपोआप भरते. हातावर चहा सांडून फोड आला तर दोनेक आठवड्यांत तो बरा होतो, तो याचमुळे.

पण डर्मिस मुळापर्यंत जळाला, तर नवी त्वचा उगवायला बीच उरत नाही. मग जखम फक्त कडेकडेने आत भरत येते. जखम छोटी असेल तर ठीक. पूर्ण पाठ किंवा दोन्ही पाय असतील तर ते शक्यच नसतं.

तोपर्यंत शरीर उघडं पडलेलं असतं. अंगातलं पाणी, प्रथिनं आणि उष्णता बाहेर जात राहते आणि जंतूंना दार सताड उघडं मिळतं. भाजलेला माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांतून वाचला तरी नंतर त्याला सगळ्यात मोठा धोका असतो तो जंतुसंसर्गाचा. म्हणूनच डॉक्टर शक्य तितक्या लवकर मेलेली कातडी काढून जखम झाकायला बघतात.

थोडक्यात, गंभीर भाजलेल्या रुग्णाच्या उपचारात दोन गोष्टी लागतात. एक, कायमची त्वचा. दुसरी, ती मिळेपर्यंत अंग झाकायला काहीतरी. खालचं प्रत्येक तंत्र या दोनपैकी कोणत्या खान्यात बसतं हे लक्षात ठेवलं की सगळा गोंधळ संपतो.

स्वतःचीच कातडी, पण ती पुरणार कशी?

आजही सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे. रुग्णाच्या मांडीवरून त्वचेचा पातळ पापुद्रा काढायचा आणि जखमेवर लावायचा. यालाच स्किन ग्राफ्ट म्हणतात.

हा पापुद्रा मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा पातळ असतो. तो डर्माटोम नावाच्या यंत्राने काढतात. त्यात वरचा पूर्ण थर आणि डर्मिसचा थोडा भाग येतो. मांडीवर केसांची मुळं मागे राहतात, त्यामुळे ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते आणि गरज पडली तर तिथूनच पुन्हा कातडी काढता येते.

पापुद्रा अपुरा पडत असेल तर त्याला मशिनने बारीक काप देतात. आकाशकंदिलासाठी घोटीव कागदाला काप देऊन ताणला की कशी जाळी होते, तसंच. ही जाळी तिप्पट किंवा त्याहून जास्त जागेवर पसरते आणि मधली भोकं पेशी वाढून बुजतात.

मग अडचण कुठे येते?

समजा, स्वयंपाक करताना एका बाईच्या साडीने पेट घेतला. शरीराचा किती भाग भाजला हे काढायला डॉक्टर '९चा नियम' वापरतात. डोकं आणि मान ९ टक्के, एकेक हात ९ टक्के, एकेक पाय १८ टक्के, छाती आणि पोट मिळून १८ टक्के, पाठ १८ टक्के. तिचे दोन्ही पाय, छाती-पोट आणि एक हात भाजला असेल तर झाले ६३ टक्के.

उरले ३७ टक्के. त्यात चेहरा आला, तळहात आला, म्हणजे तिथली कातडी काढता येत नाही. ज्या मांड्यांवरून एरवी कातडी काढतात, त्याच जळालेल्या. पाठीवरून थोडी काढायची, जाळी करून पसरायची, दोन आठवडे थांबायचं, मग पुन्हा काढायची. प्रत्येक वेळी ऑपरेशन, भूल आणि नवी जखम. तोपर्यंत बाकीचं अंग उघडं.

मग दुसऱ्याची कातडी लावली तर?

आई म्हणते, 'माझी घ्या.' भाऊ म्हणतो, 'माझी घ्या.' पण तसं चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये पीटर मेडावर हे शास्त्रज्ञ याच प्रश्नाच्या मागे लागले होते. ग्लासगोमध्ये टॉम गिब्सन या सर्जनसोबत त्यांनी भाजलेल्या एका तरुणीवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावून बघितले. काही दिवस ते टिकले, मग गळून पडले. पुन्हा त्याच भावाची त्वचा लावली, तर ती आधीपेक्षाही लवकर नष्ट झाली. म्हणजे शरीराने परकी कातडी 'ओळखून' ठेवली होती. हा प्रतिकारशक्तीचा प्रताप होता. या विषयावरच्या पुढच्या कामासाठी मेडावर यांना १९६०चं नोबेल मिळालं. किडनीपासून हृदयापर्यंतच्या प्रत्यारोपणाचं शास्त्र या अभ्यासावर उभं आहे.

याला एकच अपवाद, एकसारखी जुळी भावंडं. २०१६मध्ये फ्रान्समध्ये ९५ टक्के भाजलेल्या एका माणसाला त्याच्या जुळ्या भावाची त्वचा लावली गेली आणि ती कायमची रुजली. पण असा जुळा भाऊ किती जणांना असतो?

बाकी सगळ्यांसाठी दुसऱ्याची त्वचा म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं पांघरूण. हे 'फक्त' दोन-तीन आठवडे किती मोलाचे आहेत, ते पुढे येईलच.

टपाल तिकिटाएवढ्या त्वचेतून अर्धं अंग

१९७५मध्ये अमेरिकेत जेम्स राईनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी लॅबमध्ये भराभर वाढवायची पद्धत शोधली. गंमत म्हणजे या पेशींना वाढायला आधार लागायचा तो उंदराच्या पेशींचा.

१९८३मध्ये या पद्धतीची खरी परीक्षा झाली. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातले ५ आणि ६ वर्षांचे दोन सख्खे भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले होते. कातडी काढायला जागाच नव्हती. बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्यांच्या काखेतून टपाल तिकिटाएवढी त्वचा घेतली, लॅबमध्ये पेशी वाढवून तिचे पातळ पापुद्रे तयार केले आणि त्यांनी दोघांचं निम्मं अंग झाकलं. दोघंही वाचले.

ही त्वचा रुग्णाची स्वतःची, म्हणून कायमची. पण तिला तीन मर्यादा आहेत. तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. ती फक्त वरचा थर देते, खालचा डर्मिस नसतो, त्यामुळे ती नाजूक असते आणि पटकन फोड येतात. आणि ती प्रचंड महाग आहे.

आणि हे तीन आठवडे रुग्णाचं अंग कशाने झाकायचं, हा प्रश्न शिल्लकच.

गाय, शार्क आणि सिलिकॉन

वरचा थर लॅबमध्ये झाला, पण खालच्या थराचं काय? यावर बॉस्टनमधलेच सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीचे प्राध्यापक योआनिस यानास यांनी काम केलं. त्यांचा १९८१मधला उपाय आज 'इंटेग्रा' नावाने जगभर वापरला जातो.

गाईचं कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक घटक मिळून स्पंजसारखी जाळी बनवलेली असते आणि तिच्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा. ही जाळी स्वच्छ केलेल्या जखमेवर बसवतात. दोन-तीन आठवड्यांत रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. बांधकामाला परांची लावतात आणि काम झालं की उतरवतात, तशी ही जाळी हळूहळू विरघळते आणि तिच्या जागी रुग्णाचा स्वतःचा डर्मिससारखा थर उरतो. मग सिलिकॉन सोलून काढायचं आणि वर अगदी पातळ ग्राफ्ट लावायचा.

म्हणजे वरचा थर अजूनही रुग्णाच्याच अंगावरून यावा लागतो. शिवाय रक्तपुरवठा येण्याआधी खाली जंतुसंसर्ग झाला, तर महागडी जाळी काढून टाकावी लागते.

स्प्रे मारून त्वचा खरंच येते का?

हो आणि नाही.

१२ ऑक्टोबर २००२ला इंडोनेशियातल्या बाली बेटावर बॉम्बस्फोट झाले. २०२ जणांचा मृत्यू झाला. भाजलेल्या २८ जणांना ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. तिथल्या सर्जन फिओना वुड यांनी यातल्या काही रुग्णांवर त्यांच्याच पेशींचा फवारा वापरला आणि 'स्प्रे-ऑन स्किन' हे शब्द जगाला कळले.

या तंत्रातून पुढे 'रिसेल' नावाचं किट तयार झालं. रुग्णाच्या त्वचेचा छोटा तुकडा घ्यायचा, एन्झाइमने त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि त्या द्रावणात मिसळून जखमेवर फवारायच्या. अर्ध्या तासात काम होतं, तेही ऑपरेशन थिएटरमध्येच. १ चौरस सेंटीमीटर त्वचा ८० चौरस सेंटीमीटरला पुरते. अमेरिकेच्या एफडीएने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली.

पण फवारलेल्या पेशींना रुजायला जमीन लागते. डर्मिस शिल्लक असेल तर नुसता फवारा चालतो. पूर्ण जाडीची त्वचा जळाली असेल, तर जाळीदार ग्राफ्ट लावून त्यावर फवारा मारतात. नुसत्या स्प्रेने नवं अंग येत नाही.

मासा, बटाटा आणि केळीचं पान

आता झाकणाच्या खान्याकडे येऊ. इथे जास्त कल्पकता दिसते ती पैशांची चणचण असलेल्या ठिकाणी.

ब्राझीलमधल्या फोर्टालेझा शहरातल्या डॉक्टरांनी तिलापिया माशाची निर्जंतुक केलेली कातडी वापरली. एरवी ती कचऱ्यात जाते. तिच्यात कोलॅजेन भरपूर असतं, जखमेला ती घट्ट चिकटते आणि बरेच दिवस तशीच राहते. म्हणजे रोज ड्रेसिंग बदलायची जीवघेणी वेदना टळते.

पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या मुंबईत हे झालंय. १९८५मध्ये वाडिया हॉस्पिटलचे डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या जखमेवर वापरल्याचा अभ्यास 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. पुढे सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून बघितलं. गुळगुळीत, जखमेला न चिकटणारं, स्वस्त आणि बारा महिने मिळणारं. हा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे एक सावधानतेची सूचना. हे घरगुती उपाय नाहीत. साली आणि पानं निर्जंतुक करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरली होती. शिवाय मासा असो वा केळीचं पान, हे सगळं प्रामुख्याने वरवर भाजलेल्या जखमांसाठी. खोल जखमेवर डेड टिश्यू काढल्यानंतर झाकायला सगळ्यात चांगली गोष्ट कोणती, याचं उत्तर जगभरातले बर्न सर्जन अजूनही तेच देतात. माणसाची त्वचा.

दान केलेली त्वचा काय करते?

ती जखमेवर बसली की पाण्याचं आणि प्रथिनांचं झिरपणं कमी होतं. जंतूंना अडसर होतो. उघड्या पडलेल्या नसा झाकल्या जातात, त्यामुळे वेदना कमी होतात. खालची जमीन ग्राफ्टसाठी तयार होत राहते. दोन-तीन आठवड्यांनी ती गळते, पण तोवर रुग्णाची पाठ पुन्हा कातडी काढण्याजोगी झालेली असते किंवा लॅबमधली त्वचा तयार झालेली असते.

व्हाकारीच्या जखमींना १२० चौरस मीटर त्वचा लागली ती यासाठी. प्रगत तंत्रज्ञानाला जो वेळ लागतो, तो वेळ ही त्वचा मिळवून देते. वर सांगितलेली महागडी तंत्रं परवडत नसतील तिथे तर तिची गरज आणखी मोठी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार मृत्यू होतात. भारतात वर्षाला १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचे भाजतात.

यात महाराष्ट्राने सुरुवात लवकर केली. डॉ. गोरे यांच्याच पुढाकाराने २०००मध्ये सायन हॉस्पिटलमध्ये स्किन बँक सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही स्किन बँक आहे. पुणे, नाशिक, नागपुरातही अशा बँका उभ्या राहिल्या. पण बँक असून उपयोग काय, खातेदारच नसतील तर? नेत्रदान आपल्याला माहीत आहे. त्वचादान म्हटलं की लोक दचकतात.

त्वचादानाबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

पूर्ण कातडी सोलतात का? नाही. मांड्या, पाय आणि पाठीवरून फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात, ग्राफ्टसाठी घेतात तसाच. चेहरा, हात, छाती यांना हात लावत नाहीत. रक्तस्राव होत नाही. नंतर त्या भागाला पट्ट्या बांधतात. अंत्यदर्शनाला काहीही वेगळं दिसत नाही.

किती वेळ असतो? मृत्यूनंतर साधारण ६ तासांत त्वचा काढावी लागते. स्किन बँकेची टीम घरीही येते. प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं.

कोण देऊ शकतं? १८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती. डायबिटीस, बीपी असलं तरी चालतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, त्वचेचा कॅन्सर, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर चालत नाही.

रक्तगट जुळावा लागतो का? नाही. कुणाचीही त्वचा कुणालाही लावता येते, कारण ती कायमची राहणारच नसते.

लगेच वापरतात का? आधी तपासण्या होतात. मग ती ग्लिसरॉलमध्ये ठेवून ४ ते ८ अंश तापमानात साठवतात. अशी ती साधारण ५ वर्षं टिकते.

नेत्रदानासोबत करता येतं का? हो. दोन्ही करता येतं.

काय करावं लागतं? डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा आणि जवळच्या स्किन बँकेला लगेच फोन करायचा. जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. आधी फॉर्म भरलेला असला तरी त्या क्षणी 'हो' म्हणायचं असतं घरच्यांनीच.

अजून काय जमलेलं नाही?

बरंच काही. नव्या त्वचेवर घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे मोठ्या प्रमाणात भाजलेल्या लोकांना उन्हाळा सोसत नाही. केस येत नाहीत. रंग जुळत नाही. कातडी आखडते, मान किंवा कोपर वाकडं राहू शकतं. त्यासाठी महिनोन्महिने घट्ट कपडे घालावे लागतात, फिजिओथेरपी करावी लागते, पुन्हा ऑपरेशनं होतात. घाम, केस, रंग, स्पर्श सगळं असलेली त्वचा बनवायचे प्रयत्न जगभर चालू आहेत, पण ती अजून लॅबच्या बाहेर आलेली नाही.

म्हणून भाजल्यानंतरची पहिली काही मिनिटंही तितकीच महत्त्वाची. भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काहीही लावू नका. सूज यायच्या आत अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. चिकटलेले कपडे ओढू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखाना गाठा. खोलवर जाणारी उष्णता वेळेत थांबली, तर केसांची मुळं वाचतात आणि ती वाचली तर ग्राफ्टची गरजही टळू शकते.

आणि दुसरं काम आज रात्री जेवताना करता येईल. आपल्यानंतर त्वचादान करावं अशी इच्छा असेल तर घरच्यांना ती सांगून ठेवा, आणि जवळच्या स्किन बँकेचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. ६ तासांत तो शोधत बसायला कुणाला सुचत नाही.